फिशटँकचे जवळून फोटो: स्वस्तातला कॅमेरा निवडताना

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘मॅक्रो १ सेमी’ असं छापलेलं असतं आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. आकडा खोटा नसतो, पण तो टेबलावर ठेवलेल्या फुलासाठी किंवा नाण्यासाठी असतो. टाकीत लेन्स आणि मासा यांच्यामध्ये ६ ते १० मिमी जाडीची काच असते, काचेमागे पाणी असतं, आणि मासा काही काचेला नाक लावून बसत नाही. शिवाय बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत हा १ सेमी फक्त झूम पूर्ण मागे असताना, म्हणजे वाइडला, चालतो. झूम पुढे नेलं की तोच कॅमेरा बराच मागे सरायला लावतो.

म्हणून टाकीसाठी कॅमेरा घेताना मेगापिक्सेल आणि ‘मॅक्रो’ हे दोन्ही शब्द जरा बाजूला ठेवावेत. विचारायचं ते एवढंच: लेन्सच्या टोकापासून किती अंतरावरून केवढा मासा चौकटीत भरतो, आणि त्या माशावर उजेड कुठून पाडणार? पैसे लावायचे ते या दोन गोष्टींवर. कॅमेऱ्याची बॉडी सर्वांत शेवटी.

आधी पट्टी, मग दुकान

घरी बसून तीन मापं घ्या: माशाची लांबी, पुढच्या काचेची जाडी, आणि मासा साधारणपणे पुढच्या काचेपासून किती आत फिरतो ते अंतर.

सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक डीएसएलआरचा (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा) सेन्सर, म्हणजे आत प्रतिमा टिपणारा भाग, एपीएस-सी आकाराचा असतो, रुंदी २२ ते २४ मिमी. मासा चौकटीत छान भरावा, आजूबाजूला थोडी मोकळी जागा राहावी, तर त्याची प्रतिमा सेन्सरवर साधारण १८ मिमी लांब पडायला हवी. १८ ला माशाच्या मिलिमीटरमधल्या लांबीने भागा, की किती ‘पट’ लागणार ते कळतं. साडेतीन सेंटीमीटरची गप्पी असेल तर ०.५ पट. १० सेंटीमीटरचा एंजल असेल तर ०.१८. अडीच सेंटीमीटरची चेरी श्रिंप असेल तर ०.७. फायटरचा नुसता डोळा किंवा खवल्यांची नक्षी हवी असेल तरच १ पट, म्हणजे लेन्सच्या भाषेत १:१ लागतं.

हा हिशेब केला की लक्षात येतं, १:१ ची महागडी मॅक्रो लेन्स बहुतेक माशांना लागतच नाही. अर्ध्या पटीवर काम भागतं. त्यात २४ मेगापिक्सेलचा फोटो रुंदी-उंचीत अर्धा कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात. मोबाइलवर पाठवायला आणि १० इंची प्रिंटला ते पुरेसे आहेत.

आता अंतराचा हिशेब. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, त्यामुळे काचेसमोर सरळ उभं राहून पाहिलं तर मासा असतो त्यापेक्षा जवळ दिसतो, आणि लेन्सही त्याच दिसणाऱ्या अंतरावर फोकस करते. काचेपासून १० सेमी आत असलेला मासा लेन्सला ७.५ सेमीवर असल्यासारखा वाटतो. काचेचे म्हणून आणखी अर्धा सेंटीमीटर धरा. म्हणजे लेन्सच्या टोकाला कमीत कमी ८ सेमी मोकळं अंतर हवं, तेही लेन्स अगदी काचेला टेकवली तर. ज्या लेन्सचं मोकळं अंतर ३ सेमी आहे तिला हा मासा दिसेल, पण हव्या त्या आकारात फोकस होणार नाही.

दुकानदार सांगतो ते ‘मिनिमम फोकस’ हे मोकळं अंतर नव्हे, ही दुसरी मेख. ते अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. त्यात लेन्सची स्वतःची लांबी आणि बॉडीची जाडी आलेली असते. निकॉनच्या ४० मिमी मायक्रो लेन्सचं मिनिमम फोकस १६.३ सेमी आहे. ऐकायला ठीक वाटतं, पण १:१ ला लेन्सच्या टोकापुढे जेमतेम साडेतीन सेंटीमीटर उरतात. कॅननची ३५ मिमी मॅक्रो तशीच, १३ सेमी सांगतात आणि हाती उरतात सुमारे ३. त्या लेन्सच्या तोंडाभोवती छोटे दिवे बसवलेले आहेत. फुला-किड्यांना ते छान, पण काचेसमोर ते दिवेच फोटोत येतात. दोन्ही लेन्स चांगल्या आहेत, टाकीसाठी मात्र नाहीत.

हातातला मोबाइल

खिशात आधीच असलेल्या वस्तूपासून सुरुवात करायला हरकत नाही. स्वस्त मोबाइलमधला २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो कॅमेरा’ विसरून जा. त्याचा फोकस ठरलेल्या अंतरावर पक्का असतो आणि कमी उजेडात तो चिखल करतो. मुख्य कॅमेरा २एक्सला ठेवून काचेपासून ५ ते १० सेंटीमीटरवरून फोटो घ्या. जवळ गेल्यावर मोबाइल आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारत असेल तर सेटिंगमध्ये ‘ऑटो मॅक्रो’ बंद करा, नाहीतर ऐन वेळी चौकट बदलते. प्रो मोड असेल तर शटर १/२०० (सेकंदाचा दोनशेवा भाग) वर पक्कं करा. नसेल तर माशाच्या नेहमीच्या जागेवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. टाकीची मागची बाजू काळी असली की मोबाइल मासा हमखास जास्त उजळ करतो आणि खवल्यांचा रंग पांढरा पडतो.

चिमट्याने लावायच्या ‘१५एक्स’ लेन्सा २ ते ३ सेंटीमीटरवरच फोकस होतात. काचेला चिकटलेली गोगलगाय, तिची अंडी, काचेवर चालणारं श्रिंपचं पिल्लू यांच्यासाठी ठीक. पोहणाऱ्या माशासाठी निरुपयोगी.

किट लेन्स आणि त्यापुढची पायरी

जुना डीएसएलआर घेतला की बहुतेकदा १८-५५ची किट लेन्स सोबत येते. तिला नावं ठेवायची रीत आहे, पण आधी वापरून बघा. कॅननची १८-५५ एफ/३.५-५.६ आयएस एसटीएम ५५ मिमीला ०.३६ पट देते, म्हणजे ६ सेंटीमीटरचा मासा जवळजवळ पूर्ण चौकट भरतो. गोल्डफिश, एंजल, मोठी मोली, खाऱ्या टाकीतला क्लाऊन या सगळ्यांसाठी वेगळी लेन्स लागतच नाही. त्या पैशात फ्लॅश येतो.

छोट्या माशांसाठी सर्वांत परवडणारी जोडी म्हणजे ५५-२५० किंवा ५५-२०० सारखी साधी टेलिझूम (दूरचं जवळ आणणारी लेन्स) आणि तिच्या तोंडावर लावायची क्लोजअप लेन्स. रेनॉक्स कंपनीची डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) आणि डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची. दोन्ही ५२ ते ६७ मिमी फिल्टर-आट्यांच्या कुठल्याही लेन्सवर चिमट्याने बसतात. हिशेब सोपा आहे: १००० ला डायॉप्टरने भागलं की मिलिमीटरमध्ये अंतर मिळतं. डीसीआर-१५० चं सुमारे २१ सेमी, २५० चं साडेबारा. झूमचे मिलिमीटर त्या आकड्याने भागले की पट मिळते. डीसीआर-१५० लावून झूम १०० वर ठेवली तर साधारण अर्धा पट, २०० वर जवळजवळ १:१. म्हणजे उभ्या जागी, लेन्स न बदलता, गप्पीपासून श्रिंपच्या मिशांपर्यंत सगळं.

या दोहोंत टाकीसाठी १५० च घ्यावी. २५० च्या साडेबारा सेंटीमीटरमधून वरच्या हिशेबाचे ८ वजा केले तर लेन्स काचेपासून साडेचार सेंटीमीटरवर येते, आणि मासा आणखी थोडा आत गेला की संपलं. १५० ने लेन्स काचेपासून १२-१३ सेंटीमीटर मागे राहते, मासाही बुजत नाही. बाजारात चार भिंगांचा ‘+१ +२ +४ +१०’ असा स्वस्त संच मिळतो. त्यात एकेरी काच असते, त्यामुळे कडांना जांभळी-हिरवी किनार येते; तीन भिंगं एकावर एक लावली तर फोटो धुक्यात काढल्यासारखा दिसतो. फारच हात आखडता असेल तर त्यातलं +४ एकटंच वापरा.

दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी ही पोकळ नळी. तिच्यात काच नसते. नळीची लांबी भागिले लेन्सचे मिलिमीटर, एवढी पट वाढते. ५० मिमी एफ/१.८ लेन्सला २० मिमीची ट्यूब लावली की ०.४ पट वाढून, लेन्सची मुळातली धरून, साधारण ०.५५ ते ०.६ पट होते, आणि मोकळं अंतर दहा-अकरा सेंटीमीटर राहतं. गप्पी-टेट्रासाठी ही जोडी उत्तम. ट्यूब मात्र विजेचे संपर्क असलेली, म्हणजे आत सोनेरी पिना दिसणारीच घ्या. बिनपिनेची अगदी स्वस्त मिळते, पण कॅननवर ती लावली की लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र पूर्ण उघडं राहतं, आणि निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सवर ते पूर्ण मिटतं. दोन्हीकडे फोटो वाया. १८-५५ वर ३६ मिमीची ट्यूब लावायच्या भानगडीत पडू नका. वाइडला फोकसची जागा लेन्सच्या काचेवर, कधी तर काचेच्या आतच येते.

खरी मॅक्रो लेन्स घ्यायचीच असेल तर ६० ते १०० मिमीतली बघा. कॅनन ईएफ-एस ६० मिमी १:१ ला सुमारे ९ सेंटीमीटर मोकळं अंतर देते, १०० मिमी मॅक्रो सुमारे १५. टॅमरॉन ९० आणि टोकिना १०० सेकंडहँड बाजारात बऱ्याचदा दिसतात. निकॉनवाल्यांनी एक गोष्ट तपासावी: डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. डी७००० मालिकेत मोटर असते. अर्थात इतक्या जवळून हाताने फोकस केलेलाच बरा, तेव्हा याने अडत नाही; पण दुकानात ‘लेन्स खराब आहे’ म्हणून भाव पाडायला मात्र जाऊ नका.

जुनी मायक्रो-निक्कोर ५५ मिमी एफ/२.८ ही हाताने फोकस करायची, अर्ध्या पटीची लेन्स. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर साध्या ॲडॉप्टरने लावली तर स्वस्तात फार चांगलं काम देते. तिचा ठरलेला रोग म्हणजे छिद्राच्या पाकळ्यांवर तेल येणं. पाकळ्या झटकन मिटतात का ते बघूनच पैसे द्या.

ऑलिम्पसच्या टीजी मालिकेचा (टीजी-६, आणि आता ओएम सिस्टिमचा टीजी-७) अपवाद सांगायला हवा. त्यांचा मायक्रोस्कोप मोड १ सेमीपासून ३० सेमीपर्यंत चालतो आणि तोही झूम करून. म्हणजे सुरुवातीला सांगितलेली अडचण त्यांना नाही. भिंग सपाट काचेमागे असल्याने ते थेट टाकीला टेकवता येतं. खडकात, ओहोटीच्या डबक्यात न्यायलाही हाच. पण सेन्सर लहान, त्यामुळे उजेड कमी पडला की दाणे येतात, आणि किंमत जुन्या डीएसएलआरपेक्षा बरीच वर जाते. फक्त टाकीसाठी घ्यावा असा हा कॅमेरा नाही.

बॉडी

१६ ते २४ मेगापिक्सेल, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो), पूर्ण मॅन्युअल मोड आणि फिरणारा स्क्रीन. एवढं असलं की झालं. स्क्रीनची अट चैनीची नाही. टाकी स्टँडवर कंबरेच्या उंचीला असते, खालच्या थरातल्या कॅटफिशसाठी जमिनीवर लोळावं लागतं. निकॉन डी५३००, डी५६००, कॅनन ७००डी, ७०डी, २००डी यांचे स्क्रीन फिरतात. स्क्रीनवर बघून ऑटोफोकस करायचा असेल तर कॅनन ७०डी, ८०डी, २००डी पुढे, कारण त्यांत ड्युअल पिक्सेल फोकस आहे. निकॉनच्या या जुन्या बॉडी स्क्रीनवर फोकस करताना इतका वेळ घेतात की मासा तोवर फेरी मारून येतो; त्यांच्यावर डोळा लावूनच काम करावं.

कॅनन १५००डी आणि २००डी मार्क दोन यांच्या वरच्या फ्लॅशच्या जागेत मधली पिन नाही. त्या एका पिनेवर चालणारे साधे ट्रिगर (वेगळा ठेवलेला फ्लॅश दुरून उडवणारी यंत्रं) त्यांच्यावर फ्लॅश उडवत नाहीत. स्वस्त नवा म्हणून नेमका हाच कॅमेरा गळ्यात पडतो. ट्रिगर सोबत नेऊन लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

सेकंडहँड घेताना

मुंबईला कामाने जाणं होत असेल तर फोर्टातला बोरा बाजार आहेच, नाहीतर कोल्हापूर-पुणे. कुठूनही घ्या, वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. किनाऱ्यावरच्या घरात चार पावसाळे कपाटात काढलेली लेन्स बाहेरून नवी दिसते आणि आत बुरशीचं जाळं असतं. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या धाग्यासारख्या फांद्या दिसल्या तर ती बुरशी. धुळीचे चार कण चालतात, बुरशी चालत नाही, कारण ती वाढत जाते आणि भिंगावरचा लेप खाते. झूमच्या आणि फोकसच्या चक्रीत करकर लागली तर आत वाळू किंवा मीठ गेलेलं आहे. बॅटरीच्या कप्प्यातल्या पिना हिरवट असतील तर तो कॅमेरा समुद्रावर फिरलेला आहे, सोडून द्या.

एफ/१६ ला (एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक) पांढऱ्या भिंतीचा, फोकस बिघडवून फोटो काढा. सेन्सरवरचे डाग काळे ठिपके होऊन दिसतील. शटर किती वेळा उडालंय ते निकॉनच्या फोटोच्या माहितीतच लिहिलेलं असतं. कॅननच्या बहुतेक बॉडीत तसं दिसत नाही. डी५३०० च्या शटरची चाचणी कंपनीने १ लाख वेळांची सांगितली आहे. तीस-चाळीस हजार वेळा उडालेला घ्यायला हरकत नाही.

उजेड

बॉडीवर वाचवलेले पैसे इथे लावा. टाकीचा एलईडी डोळ्याला लख्ख वाटतो, कॅमेऱ्याला तो अंधारच असतो. जवळून फोटो काढताना फोकसचा पट्टा किती पातळ असतो ते बघा: एपीएस-सी सेन्सरवर अर्ध्या पटीला एफ/८ ठेवलं तर जेमतेम २ मिमी, म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी. १:१ ला एफ/११ ठेवूनही १ मिमी भरत नाही. म्हणून छिद्र बारीक ठेवावंच लागतं. मासा हलतो म्हणून शटर १/२०० हवं. हे दोन्ही धरलं की टाकीच्या दिव्यावर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्याही वर जातो आणि निळ्या-काळ्या भागात दाणे येतात.

यावर उपाय कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवलेला फ्लॅश. गोडॉक्स टीटी६०० सारखा पूर्ण मॅन्युअल फ्लॅश पुरतो, त्यात रेडिओ रिसीव्हर आतच असतो. कॅमेऱ्यावर त्याच कंपनीचा ट्रिगर लावायचा. ऑटो टीटीएलसाठी (फ्लॅशचा जोर कॅमेऱ्यानेच ठरवायच्या सोयीसाठी) जास्त पैसे घालू नका. टाकी, पाणी, अंतर सगळं ठरलेलं असतं, एकदा आकडा बसला की तोच चालतो.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काचेवर आपटून सरळ लेन्समध्ये परततो, म्हणून तो कधीच नाही. फ्लॅश टाकीच्या वर, तोंड खाली करून ठेवा. टाकीवर स्वच्छ काचेचं झाकण हवं. झाकणावर बाष्पाचे थेंब आणि क्षार साचलेले असतील तर अर्धा उजेड तिथेच जातो, आणि झाकणच नसेल तर फ्लॅश पाण्यात पडायची भीती. फ्लॅश आणि झाकण यांच्यात ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं पातळ प्लॅस्टिक धरा, म्हणजे खवल्यांवर पांढरे चट्टे येणार नाहीत. फ्लॅश मागे ठेवू नका, पुढच्या काचेकडच्या भागावर आणा. मागून उजेड आला की आपल्याकडची माशाची बाजू काळवंडते. पोट काळं येत असेल तर तळाला, चौकटीबाहेर, पांढरी वाळू किंवा पांढरी टाइल ठेवा.

सुरुवात मॅन्युअल मोड, १/१६०, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ पॉवर, पाण्यापासून २० सेंटीमीटर वर, यावर करा. काळपट आला तर पॉवर १/८ करा. तरी कमी पडला तर आयएसओ ४००. शटर १/२०० च्या वर नेऊ नका, फोटोत आडवा काळा पट्टा येतो. मासा स्थिर गोठवतो तो फ्लॅशचा क्षणभराचा उजेड, शटर नव्हे, त्यामुळे १/१६० ला घाबरायचं कारण नाही. छिद्र एफ/१६ च्या पलीकडे मिटवून उपयोग नाही: १:१ ला एफ/११ म्हणजे परिणामाने एफ/२२ च होतो आणि त्यापुढे सगळाच फोटो मऊ पडतो.

अंधाऱ्या खोलीत अचानक फ्लॅश मारू नका. मासे दचकून काचेवर किंवा झाकणावर आपटतात. टाकीचा दिवा चालू राहू दे.

फ्लॅश न वापरता टाकीच्या दिव्यावरच काढायचं असेल तर फोटोत आडवे पट्टे येण्याची तक्रार हमखास येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो; शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. डिमर असलेला एलईडी असेल तर तो १०० टक्क्यांवर न्या, कारण मंद करताना तो वेगळ्याच वेगाने उघडझाप करतो. खाऱ्या टाकीच्या निळ्या उजेडात कॅमेऱ्याचा १०,००० केल्विनचा पांढरेपणाही अपुरा पडतो. फोटोपुरते पांढरे दिवे वाढवा, रॉमध्ये काढा. मोबाइलवर नारिंगी फिल्टर लावा.

काढायची रीत

पुढची काच आदल्या दिवशी आतून घासा. त्याच दिवशी घासली तर शेवाळाचे कण पाण्यात तरंगतात आणि फ्लॅशमध्ये पांढरे दिसतात. बाहेरून ओल्या मायक्रोफायबरने पुसा. खाऱ्या टाकीच्या मिठाच्या डागांना आरओचं पाणी. फोटोआधी खाणं घालू नका, भुकेले मासे आपणहून पुढच्या काचेशी येतात. हवेचा पंप आणि फिल्टर दहा मिनिटं आधी बंद करा. परत चालू करायचं विसरू नये म्हणून मोबाइलवर गजर लावा. हे हसण्यावारी नेऊ नका, बंद फिल्टरमध्ये पाणी स्वच्छ राखणारे जिवाणू मरतात.

खोलीतले दिवे घालवा, रात्रीच करा, काळा किंवा गडद शर्ट घाला. लेन्सच्या तोंडावर घडीचं रबरी हूड लावून काचेला टेकवता आलं तर प्रतिबिंबाचा प्रश्नच संपतो. डीसीआर-१५० सारख्या लांबून काम करणाऱ्या जोडीला लेन्सपुरतं भोक पाडलेला काळा पुठ्ठा लेन्सवर चढवा. प्रतिबिंब कमी करणाऱ्या पोलरायझर फिल्टरने उजेडच दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) जातो, इथे तो नको.

लेन्स काचेला काटकोनात. तिरकं धरलं की पाणी आणि काच मिळून रंगांच्या किनारी आणतात आणि तीक्ष्णपणा जातो. कितीही महाग लेन्स असो, हे होतंच. गोल बरणीत किंवा बाकदार काचेच्या टाकीत तर टाळताच येत नाही. ऑटोफोकस बंद करा, हवी ती पट ठरवून फोकस तिथेच सोडा, आणि मासा काचेला समांतर होऊन त्या अंतरात आला की शटर दाबा. कॅमेरा पुढे-मागे दोन-चार मिलिमीटर हलवणं हाच तुमचा फोकस. लक्ष डोळ्यावर. वीसात दोन-तीन नीट आले तर प्रमाण चांगलं.

खूप हलणाऱ्या किंवा बुजऱ्या माशांसाठी काचवाल्याकडून ३० × १० × २० सेंटीमीटरची छोटी फोटो-टाकी करून घ्या, ५ मिमीची एक्स्ट्रा क्लिअर काच. साध्या काचेला हिरवट झाक असते, ती जाडीबरोबर वाढते. आत एक सुटी काच घालून मासा पुढच्या ३-४ सेंटीमीटरमध्ये ठेवता येतो. पाणी मूळ टाकीचंच, त्याच तापमानाचं, आणि वीस मिनिटांत मासा परत. निवटीला (चिखलात सरपटणाऱ्या माशाला) पाण्यापेक्षा ओला चिखल आणि डोकं वर काढायला जागा द्या. ओहोटीच्या वेळी खडकातून प्रवाळ किंवा समुद्रघोडा उचलून आणू नका. दोन्हींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

नवी जोडी मोठ्या टाक्यांवर वापरून बघायची तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. कुठल्याही सार्वजनिक मत्स्यालयात फ्लॅशबद्दल आधी विचारा. तिथे हूड काचेला टेकवायचं, आयएसओ वाढवायचा आणि सावकाश पोहणारा मासा निवडायचा.

खारा वारा आणि पावसाळा

३० अंशांची हवा आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर २७ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरतं. चिलर लावून २५ अंशांवर ठेवलेल्या खाऱ्या टाकीची काच म्हणूनच जून ते सप्टेंबर बाहेरून घामेजते. ती पुसत बसण्यापेक्षा काचेवर पंख्याचा झोत ठेवा. एसीच्या खोलीतून आणलेल्या लेन्सचंही तेच. ती बंद पिशवीत अर्धा-पाऊण तास ठेवून मगच उघडा. धुरकट लेन्स कपड्याने पुसू नका, ती आपोआप निवळते.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं चालू असतानाच कॅमेऱ्याची सोय करून टाका. रबरी कडेचा, चार बाजूंनी क्लिपा लागणारा प्लॅस्टिकचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि दोनशे ग्रॅम सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ६० च्या वर बुरशी धरते. ३० च्या खाली रबर आणि वंगण कोरडं पडतं, तेव्हा जास्त जेल घालूनही फायदा नाही. जेल नारिंगी रंगाची घ्या. निळीत कोबाल्टचा क्षार असतो, तो घरात नको. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला ऐकू नका, त्याची पूड चक्रीत जाते. चामड्याच्या किंवा कापडी केसमध्ये लेन्स महिनोन्‌महिने ठेवली तर केसच बुरशीचं घर होतं. जेलचा नारिंगी रंग गेला की ती ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. गरम घातली तर डब्यातच वाफ धरते.